गुलाबी रेघेखालचे स्क्रू

गोजराबाई गुरुवारी दुपारी आल्या आणि रिक्षातून उतरवलेली चेनसॉ त्यांनी आमच्या गॅरेजच्या फरशीवर ठेवली. ठेवली म्हणजे जवळजवळ आपटलीच.

"मास्तरअण्णा, तुमच्या पोरीचं मशीन घ्या. चालत नाही."

पोरगी माझी नव्हे, विद्यार्थिनी. दिव्यश्री. जयनगरला तिचं जुन्या यंत्रांचं दुकान आहे. जुनी ड्रिल, पंप, गवत कापायची यंत्रं, चेनसॉ असं ती विकत घेते, दुरुस्त करते आणि विकते. गोजराबाईंना तिच्याकडे मीच पाठवलं होतं. "डोळे झाकून घ्या," असं म्हटल्याचंही मला चांगलं आठवतं.

गोजराबाईंची माझी ओळख झाडावरची. चार वर्षांपूर्वी आमच्या मल्लेश्वरमच्या गल्लीतल्या झाडाच्या फांद्या विजेच्या तारांना लागत होत्या, त्या उतरवायला त्यांची टोळी आली होती. मी अंगणातून शुभदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मराठीत हाक मारली. त्याबरोबर वरून आवाज आला, "अय्यो अण्णा, तुम्ही आपल्यातले काय?" त्यांचं घराणं इथे किती पिढ्या आहे हे त्यांनाही सांगता येत नाही. आम्ही नोकरीसाठी साताऱ्याहून आलेलो. त्यांची मराठी ऐकताना मला अर्धं कानडी ऐकू येतं, आणि माझी ऐकताना त्यांना पुस्तक वाचल्यासारखं वाटतं, असं त्यांनीच मला सांगितलं आहे.

आजवर त्यांची टोळी हातकरवतीवर आणि कोयत्यावर काम करत होती. आता बेळ्ळंदूरच्या एका मोठ्या सोसायटीनं त्यांना बोलावलं होतं. आवारात सहा सिल्व्हर ओक वाळून उभे होते. सोमवारी सकाळी सुरू करून संध्याकाळी पाचच्या आत ती झाडं उतरवून, तुकडे करून दाखवायची. जमलं तर वर्षभर सगळ्या आवारातल्या झाडांचं काम गोजराबाईंचं. नाही जमलं तर दुसरी टोळी तयारच होती. हातकरवतीनं सहा झाडं एका दिवसात होत नाहीत, म्हणून मशीन.

"काय होतंय?" मी विचारलं.

"पेट्रोल ओव्हर होतंय. दोनदा खोकतंय, धूर सोडतंय, गप होतंय. मग कितीही दोरी खेचा."

"आपण बघू," मी म्हणालो. "बसा. घाई करायची नाही."

"सोमवार घाई करतोय अण्णा, मी नाही."

मी प्लग काढला. ओला चिंब. इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल शिरलं की प्लग भिजतो, आणि भिजलेल्या प्लगची ठिणगी पेट्रोल पेटवू शकत नाही. प्लग बाहेर ठेवून मी पाच-सहा वेळा दोरी खेचली, म्हणजे आतलं जादा पेट्रोल बाहेर उडून जातं. प्लग पुसला, वाळवला, परत लावला. मशीन दोनदा खोकलं, धूर सोडला, गप झालं. प्लग पुन्हा ओला.

हवेची जाळी स्वच्छ होती. टाकीतली पेट्रोलची गाळणी स्वच्छ होती. टाकीला हवा घेण्याचं छिद्र असतं, ते मोकळं होतं. जुन्या चेनसॉत कार्बोरेटरवर दोन स्क्रू असायचे, ते थोडे आत-बाहेर फिरवून पेट्रोलचं प्रमाण ठरवता यायचं. ह्या मशीनला ते नव्हतेच. त्याचं प्रमाण एक छोटा संगणक ठरवतो. कार्बोरेटरच्या कडेला करंगळीच्या टोकाएवढा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. त्याला वीज मिळाली की तो बंद होतो, वीज थांबली की उघडतो. क्षणात कितीतरी वेळा उघडझाप करून तो इंजिनाला हवं तेवढंच पेट्रोल देतो. तो बिघडला तर उघडाच राहणार आणि पेट्रोल येतच राहणार.

म्हणजे पहिली शंका त्या व्हॉल्व्हवरच यायला हवी होती. आलीही. मी बॅटरी धरून वाकलो, तर व्हॉल्व्हच्या दोन्ही बारीक स्क्रूंवर गुलाबी रेघ होती. चमकीची गुलाबी, डावीकडून उजवीकडे उतरणारी. रेघ बघून मला बरं वाटलं. मी बॅटरी विझवली आणि दुसरीकडे बघायला लागलो.

त्या रेघेबद्दल सांगायला हवं. मी तेहेतीस वर्षं एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होतो. तिथे स्क्रू पक्का झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूवर रंगाची एक रेघ ओढायची. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. निवृत्त झाल्यावर मी गल्लीतल्या मुलांसाठी रविवारचा वर्ग सुरू केला. बिघडलेले पंखे, मिक्सर, इस्त्र्या आणायच्या आणि उघडून बघायच्या. मुलांना मी तीच पद्धत शिकवली, फक्त रंगाऐवजी नेलपॉलिश. प्रत्येकाचा रंग वेगळा. उघडलं, मोजलं, बरोबर निघालं, बंद केलं, आणि मगच रेघ. मोजल्याशिवाय रेघ ओढायची नाही, हा पहिला नियम.

दुसरा नियम मी पुढे केला. मुलं एकमेकांचं काम बघायला तेच स्क्रू पुन्हापुन्हा उघडायची. कधी उत्सुकतेनं, कधी मत्सरानं. एका मिक्सरच्या स्क्रूचे आटे असे पार गेले. तेव्हा मी सांगितलं, आपल्या वर्गातल्या कुणाची रेघ असेल तर ते पुन्हा उघडायचं नाही. ते तपासलेलं आहे असं धरून पुढे जायचं. ह्या नियमाचा मला अभिमान होता. पालकांना मी तो आवर्जून सांगायचो.

चमकीचा गुलाबी रंग दिव्यश्रीचा. नऊ वर्षांची असताना ती आली. डावखुरी, म्हणून तिची रेघ उलटी उतरते. माझ्या वर्गात इतकी शांत हाताची मुलगी आधी आली नाही आणि नंतरही आली नाही. तिनं दुकान काढलं तेव्हा नारळ मी फोडला.

मी तिला फोन लावला. ती नेहमीसारखीच बोलली.

"सर, पेट्रोल बघा. हल्ली इथेनॉल फार असतं त्यात. आणि त्या अक्का दोरी कशी खेचतात तेही बघा. आधी कुणाचं तरी साधं मशीन वापरलं असेल, चोक ओढायची सवय असते. ह्याला तसं चालत नाही."

मला ते पटलं. मला ते पटवून घ्यायचंच होतं, असं आता वाटतं.

मग मी गोजराबाईंना मशीन सुरू करायला शिकवायला बसलो. अर्धा तास. लिव्हर ह्या जागेवर ठेवायचा. गळ्याला, म्हणजे वेग वाढवायच्या खटक्याला, हात लावायचा नाही. मशीन जमिनीवर पायानं दाबून धरायचं. दोरी आधी हळू ओढायची, अडल्यासारखं वाटलं की मग झटका. मी प्रत्येक पायरी त्यांच्याकडून म्हणवून घेतली. नव्या पेट्रोलमध्ये मोजून तेल घालून दिलं.

"अण्णा, मी वीस वर्षं झाडं तोडते," त्या एकदा म्हणाल्या.

"हो, पण हे मशीन वेगळं आहे ना? चुकलं तर चुकू दे. चुकण्यात कमीपणा नसतो," मी म्हणालो. मुलांना म्हणतो त्याच आवाजात.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "सरी," म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे, आणि मशीन उचललं.

शुक्रवारी त्यांचा फोन आला. सुरू होत नाही. मी फोनवर सगळ्या पायऱ्या पुन्हा सांगितल्या. प्लग वाळवायला सांगितला. "घाबरू नका," असंही म्हणालो. त्यावर पलीकडून फोन बंद झाला.

शनिवारी सकाळी त्या फत्तेसिंगला घेऊन आल्या. हा त्यांचा धाकटा दीर. शेंड्यापर्यंत चढणारा टोळीतला तो एकटाच. त्याच्या उजव्या तळहाताला दोरीच्या मुठीनं फोड आला होता. तो त्यानं मला दाखवला.

"बसा," मी म्हणालो. "आपण पुन्हा पहिल्यापासून—"

"नको," गोजराबाई म्हणाल्या. "मला खेचता येत नाही, सरी. ह्याला खेचता येत नाही, तेही सरी. आता तुम्ही खेचा. आम्ही बघतो आणि शिकतो."

फत्तेसिंग खाली बघून हसला.

मी बहात्तर वर्षांचा आहे. मशीन पायाखाली धरलं, लिव्हर बरोबर जागी ठेवला, दोरी जशी शिकवली होती अगदी तशी खेचली. बारा वेळा. दोनदा खोकलं. धूर आला. नंतर नुसता पेट्रोलचा वास. माझा खांदा भरून आला आणि मी स्टुलावर बसलो.

"वैनी, तुम्ही खेचलं तेव्हा पण दोनदाच खोकलं होतं," फत्तेसिंग म्हणाला. "अण्णांचं पण दोनदाच."

गोजराबाई खाली बसून मशीन न्याहाळत होत्या. त्यांनी बोट लावलं. "हे गुलाबी काय?"

"ती खूण आहे. दिव्यश्रीची. आतला भाग मोजून बघितला, ठीक आहे, अशी खूण."

"तुम्ही बघितला?"

"नाही. तिची खूण असली की आम्ही पुन्हा उघडत नाही. वर्गाचा नियम आहे तसा."

त्या उठल्या, पदराला हात पुसले. "म्हणजे तिनं बघितलं म्हणून तुम्ही नाही बघितलं. तुम्ही सांगितलं म्हणून मी नाही बघितलं. मग बघितलं कुणी अण्णा?"

मी स्टुलावरून उठलो. घरात गेलो आणि शुभदाकडे नेलपॉलिश काढायचं औषध मागितलं.

"कशाला?" ती म्हणाली. मी सांगितलं. तिनं बाटली दिली, कापूसही दिला, आणि म्हणाली, "दिव्यश्रीची रेघ पुसणार?" मग तीही गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

कापसावर गुलाबी डाग उतरला. मी दोन स्क्रू काढले, वायरीची क्लिप सोडवली, व्हॉल्व्ह कागदावर ठेवला आणि मल्टिमीटरच्या दोन्ही सुया त्याला लावल्या. व्हॉल्व्हच्या आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. ते शाबूत असेल तर मीटर आकडा दाखवतो. मीटरनं काही दाखवलं नाही. सुया एकमेकींना लावून बघितल्या, मीटर ठीक होता. पुन्हा लावल्या. काही नाही. वेटोळं आतून तुटलेलं होतं.

तार कधीही तुटू शकते. दुकानातून नेताना रिक्षातल्या धक्क्यानं तुटली असेल. असं मनाशी म्हणत मी व्हॉल्व्ह उलटा केला. त्याच्या खाचेत लाल माती घट्ट बसलेली होती. मशीनच्या बाकी कुठल्याच फटीत लाल माती नव्हती. व्हॉल्व्हवर कोरलेलं साल मशीनच्या पट्टीवरच्या सालापेक्षा तीन वर्षांनी जुनं होतं. मशीन त्या व्हॉल्व्हसकट बनलेलं नव्हतं.

"गोजराबाई, तुम्ही घेताना हे चालू करून बघितलं होतं?"

"बघितलं की. एका झटक्यात चालू झालं. म्हणून तर घेतलं. मग ती म्हणाली, अक्का, सर्व्हिस करून ठेवते, दोन दिवसांनी न्या. दोन दिवसांनी नेलं."

शुभदा दारातून आत निघून गेली.

"हा भाग गेलाय," मी म्हणालो. "उद्या दुपारी चारला या. मशीन चालू करून देतो."

"गेलाय का काढलाय?"

"उद्या सांगतो."

गोजराबाईंनी मान डोलावली, पण ती होकाराची नव्हती. मला त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, आधी तिच्याकडून ऐकावं. कदाचित काही कारण असेल.

रविवारचा वर्ग चौदा वर्षांत मी पहिल्यांदाच रद्द केला. मेट्रोनं जयनगरला गेलो. व्हॉल्व्ह खिशात काड्यापेटीत होता. दिव्यश्रीचं दुकान बाजारामागच्या एका गल्लीत आहे. आत शिरताच समोर वर्गातला जुना फोटो लावलेला आहे. पंख्याचं पातं हातात धरून ती उभी आहे, तिच्या डोक्यावर माझा हात आहे. त्याच्याखाली कानडीत लिहिलं आहे की इथलं प्रत्येक मशीन उघडून, मोजून, खूण करून दिलं जातं.

"सर! अचानक? बसा ना. काफी सांगते."

मी काड्यापेटी टेबलावर ठेवली आणि उघडली. तिनं आत बघितलं. हे काय आहे, असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर मी आणखी थोडा वेळ आशा धरून बसलो असतो.

"मोजलं होतंस?" मी म्हणालो.

"हो."

"किती आलं?"

"काहीच आलं नाही, सर."

"मग रेघ?"

ती स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. "हात गेला. स्क्रू बंद केला की रेघ. मी ओढली हेही मला नंतर कळलं."

"मग पुसायची होतीस."

"पुसणार होते. मग वाटलं, असू दे."

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. ते मिटलं. मग तिनं सांगितलं. कॉफीच्या मळ्यातला एक माणूस तिचं मोठं गिऱ्हाईक आहे. त्याच्या चेनसॉचा व्हॉल्व्ह गेला. तो दुकानात येऊन उभा राहिला, आजच्या आज पाहिजे म्हणाला. नवा व्हॉल्व्ह यायला तीन आठवडे लागतात. गोजराबाईंचं मशीन सर्व्हिससाठी टेबलावर उघडंच होतं. त्यातला काढून तिनं त्याला दिला आणि त्याचा मेलेला ह्यात बसवला.

"नवा आला की बदलून देणार होते, सर. खरंच."

"मागवलास?"

तिनं मान खाली घातली.

"त्या बाईंना काय वाटेल, हा विचार केलास?"

"केला." ती हळू आवाजात बोलत होती, पण खोटं बोलत नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. "त्यांना वाटेल, आपल्यालाच सुरू करता येत नाही. नव्या मशीनला सगळ्यांना तसंच वाटतं. थोडे दिवस जातात."

"आणि त्या माझ्याकडे आल्या तर?"

"येतीलच, हे माहीत होतं."

"मग?"

"तुम्ही रेघ बघितलीत की उघडणार नाही, हेही माहीत होतं."

मी तिला ओम, म्हणजे तारेचा रोध, मोजायला शिकवलं आहे. पेचकस सरळ कसा धरायचा ते बोटं धरून शिकवलं आहे. चाचणी चुकली की ती रडायची, तेव्हा शुभदा तिला गूळ-शेंगदाणे द्यायची. आणि ती टेबलाशी बसून मेलेला व्हॉल्व्ह लावत होती तेव्हा माझा हिशेब करत होती, की हा म्हातारा कुठे थांबेल. बरोबर तिथेच मी थांबलो होतो. वर तिच्याच सांगण्यावरून एका जाणत्या बाईला तीन दिवस दोरी खेचायला शिकवत होतो.

"चांगला व्हॉल्व्ह दे," मी म्हणालो.

ती मागच्या फळीवरून त्याच जातीचं दुसरं मशीन घेऊन आली. त्यावरही गुलाबी रेघ होती. तिनं स्क्रू काढले, व्हॉल्व्ह काढला, सुया लावल्या आणि मला आकडा सांगितला.

मी मीटर माझ्याकडे ओढला आणि पुन्हा मोजला.

आकडा तोच होता. पण मी वर बघितलं तेव्हा तिचं तोंड लाल झालेलं होतं. तिनं मोजलेलं मी तिच्यासमोर पुन्हा मोजलं, असं आजवर कधी झालं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. मला त्या देता येत नाहीत.

"चल माझ्याबरोबर," मी म्हणालो. "गोजराबाई चारला येणार आहेत. तू बसव, आणि तूच त्यांना सांग."

"मी फोन करते त्यांना, सर."

"फोन नको. चल."

"रविवारी दुकानात गर्दी असते."

दुकानात आम्ही दोघंच होतो. मी व्हॉल्व्ह काड्यापेटीत ठेवला आणि निघालो. दारापर्यंत ती मागे आली. "सर, वर्गातल्या मुलांना सांगू नका," असं काहीसं म्हणाली. मी वळून बघितलं नाही.

चारला गोजराबाई आल्या, फत्तेसिंग आला. मी त्यांच्यासमोर व्हॉल्व्ह मोजला, आकडा त्यांना दाखवला, बसवला. मग हातातला पेचकस खाली ठेवून सगळं सांगितलं. मळेवाला, सर्व्हिस, मेलेला व्हॉल्व्ह, रेघ. शेवटी म्हणालो, "तुम्हाला तिच्याकडे मी पाठवलं. मी उघडून न बघता तुम्हाला दोष दिला. माझं चुकलं."

गोजराबाईंनी वाकून बसवलेला व्हॉल्व्ह बघितला. मग म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे."

"आहे."

"मशीनपेक्षा जास्त तुम्हाला ओळखते." पुढे म्हणाल्या, "तिनं फसवलं त्याचं मला एवढं काही नाही, अण्णा. दुकानदार आहे, असतात तसे. तुम्ही मला म्हणालात, घाबरू नका. ते लागलं. सत्तर फुटांवर दोरीला लटकून काम केलंय मी."

मी मान हलवली.

"वैनी, उद्याचं बघा आता," फत्तेसिंग म्हणाला.

व्हॉल्व्ह बदलला की त्या छोट्या संगणकाला इंजिनाची ओळख नव्यानं करून द्यावी लागते. मशीन सुरू करून सुरुवातीला तसंच चालू द्यायचं, मग गळा पूर्ण दाबून ठेवायचा. आवाज आधी वेडावाकडा येतो, मग हळूहळू एका सुरावर बसतो. ह्या वेळी मी पायऱ्या एकदाच सांगितल्या आणि बाजूला उभा राहिलो. गोजराबाईंनी मशीन पायाखाली धरलं आणि दोरी खेचली. तिसऱ्या झटक्याला ते सुरू झालं. समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले. आवाज आधी अडखळला, धूर निळा, मग पांढुरका, मग नाहीसा. गळा दाबला तेव्हा आवाज चढला आणि सरळ झाला. अंगणातला वाळका ओंडका त्यांनी दोन ठिकाणी कापला. भुसा फत्तेसिंगच्या पायावर पडला, तो हसायला लागला.

मशीन बंद झाल्यावर मी सवयीनं माझी बाटली उघडली. माझा रंग पांढरा. ब्रश स्क्रूपाशी नेला, तर गोजराबाईंनी हात आडवा धरला.

"रेघ नको."

"स्क्रू हलला तर कळावं म्हणून—"

"हलला तर मी उघडून बघते. ह्याला लागतो तो पेचकस तेवढा द्या. अजून एक आहे ना तुमच्याकडे?"

मी दिला. त्यांनी तो कमरेच्या पिशवीत टाकला.

सोमवारी संध्याकाळी पाचला दहा मिनिटं कमी असताना फत्तेसिंगनं मला फोटो पाठवला. कापलेल्या ओंडक्यांची रास आणि तिच्यावर बसलेल्या गोजराबाई, मांडीवर मशीन. खाली लिहिलं होतं, सहाच्या सहा झाली, वर्षाचं काम मिळालं. गोजराबाईंचा स्वतःचा फोन आला नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरं मशीन घेतलं, तेही मला फत्तेसिंगकडूनच कळलं. कुठून घेऊ, असं त्यांनी मला विचारलं नव्हतं.

दिव्यश्रीनं त्या आठवड्यात दोनदा फोन केला. पहिला मी उचलला नाही. दुसरा शुभदानं उचलला, ऐकून घेतला आणि "बरं" म्हणून ठेवला. काय म्हणाली, ते मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी वर्ग भरला. सात मुलं होती. इतकी वर्षं कपाटात पडून राहिलेला आमचा जुना मिक्सर दहा वर्षांच्या स्मृतीच्या वाट्याला आला. तिनं तो उलटा केला, पेचकस घेतला आणि थांबली. तळाच्या स्क्रूवर रेघ होती. चमक उडालेली, पण गुलाबी. डावीकडून उजवीकडे उतरणारी.

"सर, खूण आहे. म्हणजे उघडायचं नाही ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नियम सगळ्यांना पाठ होता.

"उघड," मी म्हणालो.

"पण ही दिव्यश्रीताईची आहे."

"माहीत आहे. उघड आणि मोज."

तिला ते आवडलं नाही. शेजारच्या शौर्यकडे बघून तिनं खांदे उडवले. मग नखानं रेघ खरवडली आणि चारही स्क्रू काढून कागदावर ओळीनं ठेवले. आत मोटरच्या कडेला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यावर लहान मुलीच्या हस्ताक्षरात तारीख आणि आकडा. चौदा वर्षांपूर्वीची तारीख.

स्मृतीनं सुया लावल्या. आकडा मोठ्यानं वाचला. मग चिठ्ठीवरचा वाचला. दोन्ही एकच होते.

"बघा," ती मला म्हणाली, "उगाच पुसली ना रेघ?"